सलाईनच हवे का?



आमच्याच घरची गोष्ट. उन्हाळ्यात पोराला जुलाब लागले. आम्ही दिवसभर त्याला गोड ज्यूस पाजला आणि रात्री दवाखान्यात 'सलाईन लावा' म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि जलसंजीवनीचे पाकीट व चमचा आमच्या हाती दिला. सकाळी पोरगा खेळू लागला. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असून आम्ही ओशाळलो!

मोठ्या माणसाच्या आतड्यात अन्नपाणी व पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर पाणी येते. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात शोषले जाते. पाणी मात्र स्वतःहून जात नाही, ते मिठामागे जाते. कॉलऱ्यात आतडे क्लोराइड बाहेर सोडत राहते, त्यामागोमाग सोडियम व पाणी वाहून जाते. तरीही ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत नेणारी वाट उघडीच असते. जलसंजीवनीचे सारे मर्म या जोडीत आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मग ज्यूस आणि कोला का नको? त्यांत साखर फार, मीठ नगण्य. जादा साखर पाणी उलट आतड्यातच ओढते. म्हणून मापाला महत्त्व आहे. आजच्या एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम व ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. काही पाकिटे २०० मिलिलिटरची असतात, तेव्हा वाचूनच पाणी घ्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे नको.

सलाईन वाईट नव्हे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा काहीच पोटात ठरेना, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे. एरवी सुईपेक्षा चमचा बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथल्या उन्हात शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. म्हणून प्रत्येक घरी चार पाकिटे असावीत, आणि मंडळाच्या सहलीच्या पेटीतही. पेटीची जबाबदारी आम्ही घेतो. घरची आपण घ्यावी.