विकलेला खेळ आणि भाड्याचा खेळ

जपानमधील कोनामी या कंपनीने १९९५ साली 'विनिंग इलेव्हन' या नावाने फुटबॉलचा एक व्हिडिओ गेम बाजारात आणला. पुढे तोच 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' या नावाने जगभर गाजला. या मालिकेला २०२५ मध्ये तीस वर्षे पूर्ण झाली. परंतु ज्या नावाने ती घरोघरी पोचली ते नाव कंपनीने २०२१ मध्येच पुसून टाकले होते. आज चाळिशीत असलेल्या एका पिढीची या संदर्भातली मागणी जुनीच आहे: आमचा तो खेळ आम्हाला परत द्या. कांद्याचे भाव आणि पाण्याची आवर्तने हे ज्या जिल्ह्याचे नित्याचे विषय आहेत, तेथील एका अध्यापकाने या मागणीवर लेखणी उचलावी, हे काही वाचकांना पोरकटपणाचे वाटेल. वाटो बापडे. या मागणीमागे दडलेला प्रश्न मात्र पोरकट नाही. विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाची मालकी कोठपर्यंत चालते, असा तो प्रश्न आहे.

प्रथम या खेळाचे आमच्या नगरातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातले, अर्थकारण पाहू. या शतकाच्या पहिल्या दशकात जे येथे शिकत होते किंवा नुकतेच नोकरीला लागले होते, त्यांतील फार थोड्यांच्या घरी खेळाचे यंत्र होते. 'प्लेस्टेशन टू' हे यंत्र पाहिले ते पार्लरमध्ये. पार्लर म्हणजे महाविद्यालयाच्या वाटेवरचा एक अरुंद गाळा, चार दूरचित्रवाणी संच, प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या आणि गल्ल्यावर हिशेबाची वही घेऊन बसलेला आमच्याच वयाचा एक मालक. तासाला पंधरा रुपये. प्रस्तुत लेखक त्या वेळी तासिका तत्त्वावर शिकवीत असल्यामुळे तासावर कमावणे आणि तासावर खर्चणे यांतला मेळ त्याच्या चांगलाच परिचयाचा होता. जिंकणारा बसून राहायचा, हरणारा उठायचा आणि बहुधा पैसेही तोच द्यायचा. भारनियमनाचे दिवस होते. सामना ऐन रंगात असताना वीज जायची. मग मालक वहीत नावापुढे 'वीस मिनिटे शिल्लक' असे लिहून ठेवायचा आणि ती शिल्लक चार दिवसांनीसुद्धा तंतोतंत मिळायची. एखाद्या पतपेढीने हेवा करावा असा तो चोख व्यवहार होता!

पार्लरमधल्या डीव्हीडी बहुतांशी नकली होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. मूळ प्रतीची किंमत त्या धंद्याला परवडणारी नव्हती. तेव्हा 'आम्ही विकत घेतलेला खेळ' असे आपण म्हणतो तेव्हा नगरपुरते ते अर्धसत्यच आहे. आपण विकत घेतला तो खेळ नव्हे, तास विकत घेतला. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या मालिकेतील २००६ ची सहावी आवृत्ती रसिकांच्या मनात घर करून राहिली ती का? चित्रे आजच्या मानाने ओबडधोबड होती. समालोचन तेच ते होते. परंतु चेंडूला वजन होते. तो पायाला चिकटून येत नसे. वळताना थोडा सुटे, आणि त्या सुटण्यातच प्रतिस्पर्ध्याची संधी असे. बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत नेमक्या क्षणी चेंडू सरकवणे ही खरी विद्या होती, आणि ती शिकायला काही महिने लागत. दमलेला खेळाडू ऐंशीव्या मिनिटाला खरोखर दमलेला दिसे. एक दोषही होता. ब्राझीलच्या अॅड्रियानोच्या फटक्याला इतके बळ दिले होते की तीस-पस्तीस यार्डांवरूनही गोल व्हावा. त्यावर आमच्या पार्लरने स्वतःचा कायदा केला होता: पैजेच्या सामन्यात अॅड्रियानो घ्यायचा नाही. खेळातले वैगुण्य खेळणाऱ्यांनी आपापसांत नियम करून भरून काढावे, याहून मोठी दाद कोणत्या खेळाला मिळणार?

आणि मुख्य म्हणजे, पंधरा रुपये देणाऱ्या प्रत्येकाला तोच ब्राझील, तोच इटली, त्याच ताकदीचा मिळत असे. सराफाच्या मुलाला अधिक वेगवान आघाडीवीर आणि शिपायाच्या मुलाला कमी वेगवान, असा प्रकार नव्हता. आजच्या फुटबॉल खेळांत नेमका तोच प्रकार आहे. खेळ फुकट मिळतो किंवा एकदा किंमत देऊन मिळतो. परंतु नामांकित खेळाडू हवा असेल तर सोडतीसारखी बंद पाकिटे उघडावी लागतात, आणि ती पाकिटे पैशाने मिळतात. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रकांनी २०१८ मध्ये या पाकिटांना जुगार ठरवले आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीला तेथील ती विक्री २०१९ च्या आरंभी थांबवावी लागली. अन्यत्र ती चालू राहिली.

असे का झाले, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका जुन्या निबंधात सापडेल. रोनाल्ड कोज यांनी १९७२ साली टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यांच्या संबंधावर मोजक्या पानांचा एक लेख लिहिला. १९९१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच ते कोज. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा कोणी नसून त्याने स्वतः काल विकलेला माल हाच असतो. काल विकलेली वस्तू आजही चांगली चालत असेल तर आज नवी कोण घेणार? या पेचातून सुटण्याच्या वाटाही कोज यांनी दाखवल्या होत्या: वस्तू कमी टिकाऊ करावी, किंवा ती विकूच नये, भाड्याने द्यावी.

व्हिडिओ गेम ही जवळजवळ आदर्श टिकाऊ वस्तू आहे. तो झिजत नाही. यंत्र बिघडेल, डीव्हीडीवर ओरखडे पडतील, पण २००६ चा खेळ २०२६ मध्येही जसाच्या तसाच असतो. म्हणजे दरवर्षी नवी आवृत्ती विकू पाहणाऱ्या कंपनीच्या वाटेत तिचीच सर्वोत्तम आवृत्ती उभी असते. कोनामीने सप्टेंबर २०२१ मध्ये 'ई-फुटबॉल' नावाचा नवा अवतार आणला तो विनामूल्य, परंतु कंपनीच्या संगणकाशी जोडलेला. पहिल्या दिवसाची त्याची अवस्था इतकी केविलवाणी होती की खेळाडूंच्या चेहऱ्यांची जगभर टिंगल झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली. पुढे दुरुस्त्या झाल्या, कोट्यवधी लोकांनी तो मोबाईलवर उतरवून घेतला, कंपनीचे ठीक चालले आहे. अशा कंपनीने स्वतःहून २००६ चा खेळ जसाच्या तसा पुन्हा विकायला काढावा, ही आशा भाबडी आहे. ती कंपनी दुष्ट आहे म्हणून नव्हे. तिचा हिशेब बरोबर आहे म्हणून.

प्रतिस्पर्धी मालिकेची कथा याहून बोलकी आहे. जागतिक फुटबॉल महासंघाशी असलेला करार संपल्यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२३ मध्ये 'फिफा' हे नाव सोडून नव्या नावाने खेळ आणला, आणि त्याच सुमारास आपल्या जुन्या 'फिफा' खेळांच्या डिजिटल प्रती ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या. पैसे देऊन घेणारा गिऱ्हाईक दारात उभा असताना माल मांडणीवरून उचलला गेला! अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तेथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, भाडे तर आमचा पार्लरवालाही घेत होता. मग कंपनीच्या भाड्यावरच रोष का? आक्षेप रास्त आहे, आणि वर ज्या भेदाची आठवण ठेवा म्हटले त्याचे काम येथे पडते. पार्लरमध्ये भाडे होते, पण यंत्र आणि डीव्हीडी गाळ्यात होती. मालकाने दर वाढवला तर चार पावलांवर दुसरे पार्लर होते. नवी आवृत्ती आली तरी जुनी ठेवायची की नाही, हे गिऱ्हाइकांच्या मागणीवर ठरत असे. २००८ मध्येही लोक २००६ चाच खेळ मागत आणि तो मिळे. भाड्याचा पैसा गावात फिरत असे. आजच्या भाड्यात वस्तू गावातही नाही आणि घरातही नाही. ती दूरच्या संगणकावर आहे आणि तो बंद करण्याचा दिवस भाडे घेणाराच ठरवतो. सहकाराच्या या जिल्ह्यात, जेथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साधनाची मालकी कोणाकडे हाच प्रश्न धसाला लावून प्रवरानगरला साखर कारखाना उभा केला, तेथे हा फरक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.

जुने खेळ पुन्हा न विकण्यासाठी कंपन्या एक सबब हमखास पुढे करतात ती परवान्यांची. संघांची नावे, खेळाडूंचे चेहरे, गणवेश यांचे करार ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की विक्री करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'च्या बाबतीत ही सबब ऐकताना हसू येते. त्याच्या वैभवाच्या काळातच इंग्लंडच्या बहुतेक संघांचे परवाने त्याच्याकडे नव्हते. २००६ च्या आवृत्तीत चेल्सीचे नाव 'लंडन एफसी' होते आणि लिव्हरपूलचे 'मर्सिसाइड रेड'. ही टोपणनावे ठाऊक असणे हीच आमच्या गाळ्यात जाणकाराची खूण होती. उत्साही मंडळी खरी नावे हाताने भरून ती मेमरी कार्डावर साठवीत. जो खेळ खोट्या नावांनी जग जिंकू शकला, तो नावे गाळून पुन्हा विकता येणार नाही असे कोणी सांगू नये.

मग आशा कोणाकडून धरावी? माझ्या मते कंपनीकडून पुनरुज्जीवनाची याचना करण्यापेक्षा जतनाचा हक्क मागणे अधिक शहाणपणाचे आहे. युद्धातून निवृत्त झालेले रणगाडे जपून ठेवणारे संग्रहालय १९९४ पासून आपल्याच नगरात आहे. शाळांच्या सहली तेथे जातात आणि हे जुने लोखंड कशाला ठेवले, असे कोणी विचारत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपल्या मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला होता. फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण पाहायला मिळत नाही. चित्रपट हा क्षुल्लक करमणुकीचा प्रकार आहे, तो काय जपायचा, ही त्या काळची समजूत त्याला कारण झाली. पुस्तकांच्या बाबतीत आपण अधिक सावध होतो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. संगणकाची आज्ञावली आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात 'साहित्यकृती' म्हणूनच गणली जाते. म्हणजे साहित्याचे संरक्षण तिला मिळाले, साहित्याचे जतन मात्र मिळाले नाही.

युरोपात या प्रश्नाने जोर धरला आहे. 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ त्याच्या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद केला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून तो घेतला होता त्यांच्याकडेही नुसता डबा उरला. त्यातून उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या मोहिमेने युरोपीय संघाकडे मागणी नेण्यासाठी लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा २०२५ मध्ये ओलांडला. तिची मागणी माफक आहे. कंपनीने खेळ अनंत काळ चालवावा असे ती म्हणत नाही. बंद करताना तो ग्राहकाला स्वतःच्या यंत्रावर चालवता येईल अशा स्थितीत सोडावा, एवढेच म्हणते. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये याहून लहान पाऊल उचलले: वस्तू विकली जात नसून केवळ वापराचा परवाना दिला जात असेल तर 'खरेदी करा' असे मोघम लिहून चालणार नाही, तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशाच्या खेळांवर त्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन देण्याचे वचनही त्यात आहे. परंतु विक्रीतून काढून घेतलेल्या खेळाचे काय करायचे, याविषयी तो मौन बाळगतो. विक्रेत्याने ठरावीक मुदतीपर्यंत, समजा दहा वर्षे, जो खेळ बाजारात ठेवलेला नाही, त्याची प्रत जतन करून आपल्या वास्तूत खेळू देण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालये आणि महाविद्यालये यांना द्यावी, अशी तरतूद करता येण्यासारखी आहे. यात कंपनीचा बाजार बुडत नाही, कारण ती त्या बाजारात नाहीच. उद्या तिने खेळ पुन्हा विकायला काढला तर मुभा आपोआप संपावी. म्हणजे कंपनीलाही जुना खेळ परत आणण्याचे काही कारण मिळेल. आज ते नाही.

स्मरणरंजनाचा आरोप शेवटी उरतोच. आपल्याला खेळ नव्हे, विशी हवी आहे, असे माझे एक सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे निम्मे मान्य आहे. ती खुर्ची, ती उधारी, हरल्यावर उठून मागे उभे राहण्याची ती शिस्त कोणतीही कंपनी परत देऊ शकणार नाही. पण उरलेले निम्मे तपासून पाहता येते. गेल्या वर्षी आमच्या काही विद्यार्थ्यांनी कोणाच्या तरी माळ्यावरचे जुने यंत्र आणि २००६ च्या खेळाची मूळ डीव्हीडी आणली. जुना जाड संचही शोधून काढला. त्या खेळाशी त्यांच्या कोणत्याही आठवणी जोडलेल्या नव्हत्या, कारण तो निघाला तेव्हा ते रांगत होते. दुपारी दोनला सुरू झालेले सामने शिपायाने दिवे मालवले तेव्हा थांबले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून नियम केला होता की अॅड्रियानो घ्यायचा नाही. आता त्या यंत्राची लेन्स डीव्हीडी वाचेनाशी झाली आहे, आणि दुरुस्त करणारा म्हणतो की सुटा भाग मिळत नाही, कारण २०१३ मध्ये त्या यंत्राचे उत्पादनच थांबले.