बंद दाराआडचा पाव

अठराव्या शतकातील इंग्लंडात सर फ्रान्सिस डॅशवुड नावाचा एक उमराव होऊन गेला. थेम्सकाठच्या मेडमेनहॅम येथील जुन्या मठात तो आपल्या बड्या मित्रांसह साधूंचे सोंग घेऊन जमे. मद्यपान, व्यभिचार आणि धर्माची टवाळी हाच तेथील नित्यक्रम, अशी वदंता होती. पुढे लोकांनी या मंडळास ‘हेलफायर क्लब’ हे नाव दिले. वदंतेत अतिशयोक्ती असेलही; पण तिने डॅशवुडचे काय बिघडले? १७६२ मध्ये तो इंग्लंडचा अर्थमंत्री झाला. वर्षभरात ते पद गेले, तेही सफरचंदाच्या मद्यावर बसविलेल्या करापायी. पुढे टपाल खाते त्याच्याकडे आले आणि १७७३ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या साहाय्याने त्याने चर्चच्या प्रार्थनापुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही काढली! उमरावाचे गुपित फुटले तरी त्याच्या पंगतीत वाढपी येतोच.

आपल्याकडेही एक गुप्त मंडळी होती. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे प्रेरक, तर राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभासद बहुतेक नवशिक्षित तरुण. त्यांचे ‘पाप’ ते कोणते? ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे आणि जातिभेद मानीत नाही अशी प्रतिज्ञा करायची. दार मात्र बंद ठेवायचे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी कोणीतरी पळविली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीनेच सभा विस्कटली.

या मंडळींना भित्रे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. सभा निघाली त्याच १८४९ मध्ये मुलींच्या शाळेपायी जोतीराव आणि सावित्रीबाईंना राहते घर सोडावे लागले, हा दाखला त्यांच्या तोंडावर फेकला जातो. दाखला खरा आहे आणि तो झोंबतोही. तरीपण मला ही निर्भर्त्सना पुरती मान्य नाही. बहिष्कार म्हणजे न्हावी बंद, भटजी बंद, मुलीचे लग्न अडलेले आणि बापाच्या प्रेताला खांदेकरी मिळण्याची भ्रांत. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमधल्या चहापानाला हजर असलेल्यांची नावे छापून आली, तेव्हा रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा फेरा चुकला नाही. मग नुकताच शाळामास्तर झालेल्या पोराची काय कथा? गुपिताची किंमत ज्याच्या त्याच्या ऐपतीने ठरत नसते. ज्याला बळ कमी, त्यालाच ती अधिक पडते.

हे सारे जुने झाले, असे हिंगोलीच्या बसस्थानकावर चहा पिताना वाटते खरे. कप कोणी विसळला, हे तेथे कोणी विचारीत नाही. शिक्षकांच्या खोलीत डबेही एकत्र उघडतात. पण पाव आणि पाणी सुटले तरी मुलगी सुटलेली नाही. संत नामदेवांचे नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तेथेही लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न जातीचाच असतो.

आणि ज्यांना तो प्रश्न ओलांडायचा आहे, त्यांच्यासाठी आपल्या कायद्यानेच यादी फोडण्याची सोय करून ठेवली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये वधूवरांनी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची आणि त्याने ती कार्यालयात ठळक जागी लावावयाची. लग्नासाठी तीस दिवस थांबणे भाग. हेतू एवढाच की, आधीचा विवाह, वय किंवा निषिद्ध नाते यांविषयी कोणास हरकत असल्यास ती घेता यावी. परंतु ही तपासणी कागदपत्रांवरून आणि शपथपत्रावरून का होऊ नये? हिंदू विधीने लग्न करणाऱ्यास अशी नोटीस भिंतीवर लावावी लागत नाही. हे कलम बदलावे, अशी मागणी शिक्षक आणि कारकून यांच्या संघटनांनी करावयास हवी. त्या फलकासमोरून रोज जाणारे आपणच आहोत. ओळखीचे आडनाव दिसताच, मुलीच्या बापाला निरोप धाडणाराही बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो.