छातीचे छायाचित्र आणि खाटेचा हक्क

एप्रिल २०२१ च्या त्या भीषण दिवसांत आमच्या वस्तीत एक नवा प्रश्न रूढ झाला होता. पूर्वी कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी ‘ताप किती?’ असे विचारीत. त्या दिवसांत ते ‘स्कोअर किती?’ असे विचारू लागले. पंचविसापैकी सात म्हटले की घरात हायसे वाटे. सतरा म्हटले की घरातली माणसे मटकन खाली बसत. ज्याने आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्या माझ्यासारख्याला माणसांच्या फुफ्फुसांना मिळणारे हे गुण पाहून अस्वस्थ वाटे.

आमच्या शेजारी एस. टी. तील एक निवृत्त वाहक राहत असत. आजाराच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा सी. टी. स्कॅन झाला; स्कोअर आला पाच. ‘पाचच आहे, घरी ठेवा’ असे सांगून एका रुग्णालयाने त्यांना परत पाठविले. पुढे पाच-सहा दिवसांनी त्यांना धाप लागली. खाट शोधण्यात रात्र गेली आणि पहाटे ते गेले. त्याच आठवड्यात त्याच आळीतला एक तरुण अठरा स्कोअर घेऊन रुग्णालयात गेला आणि तीन आठवड्यांनी चालत घरी आला. दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मी वर्गात शिकवीत आलो. परंतु दोन उदाहरणांवरून प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

हा आकडा मोजतो तरी काय? दोन फुफ्फुसांचे मिळून पाच खंड. प्रत्येक खंडाचा किती भाग व्यापला गेला आहे ते पाहून शून्य ते पाच गुण द्यावयाचे आणि बेरीज करावयाची. म्हणजे हा आकडा त्या दिवशीचा विस्तार सांगतो. कोविडमध्ये फुफ्फुसांतील बदल साधारण दहाव्या दिवसापर्यंत वाढत जातात. तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या पाचाला निकाल समजणे म्हणजे जून महिन्यातला पाऊस पाहून वर्षाचे पीक ठरविण्यासारखे आहे. शिवाय पाहणाऱ्याचे डोळेही एकसारखे नसतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र श्वसनविकाराच्या २१ तज्ज्ञांना छातीची २८ क्ष-किरण छायाचित्रे दाखविण्यात आली. हा विकार किती छायाचित्रांत दिसतो, याचे उत्तर तज्ज्ञागणिक ३६ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत बदलले.

याचा अर्थ छायाचित्र निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. २०२० साली इटलीतील ब्रेशिया येथील डॉक्टरांनी साध्या क्ष-किरण छायाचित्राचे सहा भाग पाडून अठरा गुणांची एक पद्धत बसविली. अधिक गुणांच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक, हे तीतून दिसले. परंतु छायाचित्राचे सर्वांत मोठे देणे भाकितात नाही. १९८० च्या दशकात लुचानो गॅतिनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यवस्थ रुग्णांचे सी. टी. स्कॅन केले, तेव्हा असे दिसले की संपूर्ण फुफ्फुस ताठरलेले नसते. बराच भाग निकामी होऊन लहान बालकाच्या फुफ्फुसाएवढा चांगला भाग शिल्लक राहिलेला असतो. मोठ्या माणसाच्या मापाची हवा त्या चिमुकल्या भागात कोंबली तर यंत्रच इजा करणार. या समजुतीने बळ दिलेला विचार २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत तपासला गेला. अपेक्षित शरीरवजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. छायाचित्राने येथे नुसते भवितव्य वर्तविले नाही. ते बदलावयास मदत केली.

मग आपल्याकडे तेच छायाचित्र खाटेचे शिधापत्रक कसे बनले? उत्तर वैद्यकात नाही, अर्थव्यवस्थेत आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो. आपण काय विकत घेतो आहोत हे रोग्याला कळत नाही आणि अनिश्चिततेच्या भीतीत तो हात पसरतो. भीतीच्या बाजारात आकड्याला किंमत येते. खाटा थोड्या, प्राणवायू थोडा, रोगी असंख्य. अशा वेळी जो आकडा हाती लागेल तो दाराशी दाखविण्याचा परवाना होतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेप्रमाणे २०००, २५०० आणि ३००० रुपये असे बांधून दिले. ते योग्यच झाले. परंतु दर बांधल्याने यंत्र तालुक्याच्या गावी उगवत नाही आणि मजुराच्या खिशात दोन हजार रुपये येत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. टंचाईत कोणाला तरी निवडावेच लागते. मग आमदाराच्या फोनपेक्षा आकडा काय वाईट? मी मान्य करतो की वशिल्यापेक्षा नियम केव्हाही बरा. परंतु नियम तोच, जो सर्वांना सारखा लागू पडतो. जो आकडा विकत घ्यावा लागतो तो गरजेचे माप नसून ऐपतीचे माप असतो. आणि दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. २०२० साली ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून मृत्यूचा धोका अजमावण्याची एक पद्धत तयार झाली. तीत आठच गोष्टी आहेत : वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, रक्तातील प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था आणि रक्ताच्या दोन साध्या चाचण्या. छायाचित्र त्यांत एकही नाही.

गरीब देशाने या बाबतीत जगाला शिकविले आहे. रुआंडातील किगाली येथे एका रुग्णालयातील १०४६ रुग्णांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे त्यांतील एकालाही तीव्र श्वसनविकार ठरत नव्हता; कारण त्या व्याख्येला श्वसनयंत्र आणि धमनीतील रक्ताची तपासणी लागते आणि तेथे ती जवळजवळ नव्हतीच. संशोधकांनी बोटाला लावण्याचे प्राणवायूमापक आणि छातीची सोनोग्राफी वापरून व्याख्या सुधारली, तेव्हा ४२ रुग्ण सापडले. त्यांतील निम्मे दगावले. अतिदक्षता विभागात पोचले ते एकतृतीयांशाहूनही कमी. यंत्र नाही म्हणून रोग नाही आणि रोग नाही म्हणून खाटही नाही, असा हा न्याय होता. पुढे तीव्र श्वसनविकाराच्या नव्या जागतिक व्याख्येत सोनोग्राफी व प्राणवायूमापक या दोहोंना स्थान मिळाले.

आता संगणकीय बुद्धीचे युग आले आहे. छायाचित्र पाहून कोण जगेल, कोण मरेल हे यंत्र सांगेल, असे विक्रेते म्हणतात. कोविडच्या पहिल्या वर्षात अशा संशोधनाचा पूर आला. २०२१ साली २२१२ निबंधांची छाननी झाली, ६२ बारकाईने तपासण्यात आले आणि रुग्णशय्येशी वापरण्याजोगा त्यांत एकही निघाला नाही. येथे आणखी एक धोका आहे. ज्याला खाट मिळाली नाही तो मेला, ही नोंद यंत्र ‘असे फुफ्फुस जगत नाही’ अशी वाचते. आणि उद्या तशाच फुफ्फुसाच्या माणसाला खाट नाकारली जाते. कालचा अन्याय हा अशा रीतीने उद्याचे शास्त्र बनतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. टंचाईच्या काळी खाटा कोणत्या निकषांवर देणार, हे शासनाने साथ येण्यापूर्वी जाहीर करावे आणि विकत घ्यावी लागणारी कोणतीही तपासणी त्यांत अट म्हणून घालू नये. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्राणवायू, प्राणवायूमापक, चालू अवस्थेतील क्ष-किरण यंत्र आणि ते चालविणारा कायम नोकरीतला तंत्रज्ञ असावा. भाकीत करणारे कोणतेही संगणकीय यंत्र सार्वजनिक पैशाने घेण्यापूर्वी ते आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांवर तपासून निष्कर्ष प्रसिद्ध करावेत.

आमच्या शेजाऱ्याच्या फुफ्फुसाचे चित्र खोटे नव्हते. त्या दिवशी तेथे जे होते तेच त्याने दाखविले. नवव्या दिवशी त्यांना प्राणवायूची खाट मिळाली असती तर ते वाचले असते की नाही, हे कोणतेही चित्र सांगू शकत नाही. पण ती खाट त्यांना मिळावयास हवी होती, हे सांगण्यासाठी कोणत्याही चित्राची गरज नाही.