तात्या विंचू मरत नाही, कारण बाबा चमत्काराला कोणी अटक करत नाही

'स्लॅशर' हा शब्द आपल्या अचलपूर-परतवाड्यात फारसा कोणाला ठाऊक नाही. पण तात्या विंचू ठाऊक नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. हातात हत्यार घेऊन एकेकाला संपवणारा खुनी, मेला म्हणून हुश्श करावं तर पुढच्या भागात पुन्हा उभा, आणि प्रत्येक भागात त्याला मारण्याची नवी खटपट: अमेरिकेत या प्रकाराला स्लॅशर म्हणतात. १९७८ चा 'हॅलोवीन', १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' ही त्याची गाजलेली घराणी. १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' आला. त्यात खुन्याचा आत्मा लहान मुलाच्या बाहुलीत शिरतो. त्या बाहुलीचे, म्हणजे चकीचे, २०१७ पर्यंत सात चित्रपट झाले. २०१९ मध्ये नव्याने एक काढला, मग दूरदर्शन मालिकाही झाली.

आपल्याकडे महेश कोठारे यांनी तीच कल्पना घेऊन १९९३ मध्ये 'झपाटलेला' काढला. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि घाबरून त्रेधा उडायला आपला लक्ष्या. पुढे तो 'खिलौना बना खलनायक' या नावाने हिंदीतही गेला. वीस वर्षांनी, ७ जून २०१३ रोजी, 'झपाटलेला २' आला, तोही थ्रीडीत. तिसऱ्या भागाची घोषणाही होऊन गेली आहे. मराठीत चाललेली स्लॅशर मालिका म्हणायची तर हीच.

आधीच सांगतो, मी या चित्रपटावर बंदी मागायला बसलेलो नाही. पाध्ये यांची कारागिरी मोठी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे हा तर गिरणगावापासून मेळघाटापर्यंत कष्टकऱ्यांच्या घरातला नट. त्याच्यावर हसलो याची लाज वाटावी असं काही नाही.

पण परवा विहारात रविवारच्या वर्गाला आलेल्या पोरांशी यावर बोलणं निघालं तेव्हा एक जण पटकन म्हणाला, "पिच्चरच तं हाय भाऊ, त्याच्यात काय एवढं मनावर घ्याचं?" हे उत्तर मी तीस वर्षं ऐकतो आहे. आरक्षणावरचा विनोद असो, सिनेमातला काळा-बुटका नोकर असो, की पडद्यावरचा मांत्रिक असो, उत्तर ठरलेलं: पिच्चरच तं हाय. म्हणून जरा मनावर घेऊनच पाहू.

गोष्ट काय आहे? तात्या विंचू हा गुंड. तो बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाच्या गोळीने मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात जातो. पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला त्याने आपलं नाव पहिल्यांदा सांगितलं त्या लक्ष्याच्या शरीरात शिरावं लागेल, ही अट बाबाच सांगतो. बाहुला मारायचा तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी घातली पाहिजे, ही किल्लीसुद्धा बाबाकडेच. म्हणजे खुन्याला अमर करणारा बाबा, आणि इन्स्पेक्टर महेश जाधवला उपाय सांगणाराही बाबाच. गुंड आणि पोलीस दोघेही एकाच दारात. आणि सिनेमा संपतो तेव्हा या बाबाच्या हातात बेड्या नसतात. दुसऱ्या भागात तो पुन्हा हजर.

काही मित्र म्हणतात, अहो, त्याचं नावच 'बाबा चमत्कार' आहे, ही बुवाबाजीची थट्टाच झाली की! मान्य, नावात थट्टा आहे. कथेत नाही. कथेत मंत्र लागू पडतो. एकदाही फसत नाही. बाबाचं सोंग उघडं पडतं असा एकही प्रसंग नाही. पोरगं हसत हसत घरी येतं, पण मंत्राने काहीतरी होतं एवढं मनात घेऊन येतं. हसत घेतलेली गोष्ट जास्त खोल रुजते, कारण तिच्याशी कोणी वाद घालत नाही.

मूळ अमेरिकन चित्रपटात हा मंत्र कुठून येतो तेही पाहण्यासारखं आहे. तिथला खुनी चार्ल्स ली रे. हे नाव तीन खुन्यांची नावं जोडून केलेलं, आणि त्यातला 'रे' म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून करणारा जेम्स अर्ल रे. हा गोरा खुनी मंत्र शिकतो एका काळ्या माणसाकडून, आणि हाक मारतो डंबाला या देवतेला. डंबाला हे हैतीतल्या वूडू धर्माचं दैवत. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या गुलामांचा हा धर्म. त्याच गुलामांनी १७९१ मध्ये हैतीत बंड केलं आणि १८०४ मध्ये फ्रेंच मालकांना हाकलून स्वतःचं राज्य उभारलं. ज्यांनी मालकांची झोप उडवली त्यांचा धर्म हॉलिवूडने सैतानी करून टाकला. खून गोऱ्याने करायचे, भीती मात्र काळ्याच्या देवाची वाटली पाहिजे!

आपल्या सिनेमाचंही असंच आहे. पडद्यावरचा मांत्रिक आठवा. काळी कफनी, हाडांची माळ, मसणवटा, कवटी. हा वेश कोणाचा? पोटासाठी दारोदार हिंडणाऱ्या मसणजोग्यांचा, पोतराजांचा, आपल्याच भटक्या भावंडांचा. शालू-पितांबर नेसून, दक्षिणा घेऊन ग्रहशांती करणारा कधी भीतिदायक दाखवतात का? तो लग्नाच्या सीनमध्ये असतो.

आता मुद्द्यावर येतो. या मालिकेचं इंजिन कशावर चालतं? सुऱ्यावर नाही, आत्म्यावर. शरीर मेलं तरी आत्मा उरतो, तो दुसऱ्या शरीरात जातो, हे मान्य असल्याशिवाय दुसरा भाग काढताच येत नाही. आणि नेमकं हेच तत्त्व मान्य असल्याशिवाय जातीची उतरंडही टिकत नाही. तू अस्पृश्य का जन्मलास? मागच्या जन्मीच्या पापामुळे. म्हणजे कोणीतरी एक 'तू' मागच्या शरीरातून या शरीरात आला असला पाहिजे. तात्या विंचू बाहुल्यात शिरतो आणि पापी जीव महारवाड्यात, मांगवाड्यात शिरतो, या दोन गोष्टींचा लेखक एकच आहे. एकीवर आपण हसलो. दुसरीने आपल्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवलं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना याच गाठीला हात घातला. तथागतांनी आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे समजायचे, हा प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच मांडला. आत्म्यावरचा विश्वास त्यांनी सरळ अधम्मात घातला. तो ईश्वरावरच्या विश्वासापेक्षाही घातक मानला, कारण तो पुरोहिताला माणसावर जन्मापासून मरणापर्यंत ताबा देतो. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या परिनिर्वाणानंतर आला. आपल्या किती घरांत तो कपाटात हार घालून ठेवलेला आहे आणि किती घरांत वाचलेला आहे, हे ज्याचं त्याने पाहावं.

तारखा जुळवून पाहा. ७ जून २०१३ ला तात्या विंचू थ्रीडी होऊन परत आला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घातल्या. अडीच महिन्यांचं अंतर. या दोन घटनांचा कार्यकारण संबंध आहे असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण एकाच पावसाळ्यात मराठी माणसाने अमर बाहुल्यासाठी तिकीट काढलं आणि मंत्राने कोणी अमर होत नाही हे गावोगाव सांगणारा माणूस मेलेला पाहिला. दाभोलकर ज्या कायद्यासाठी पंधरा वर्षांहून अधिक काळ सरकारचे उंबरे झिजवत होते, त्याचा वटहुकूम खुनानंतर चार दिवसांत निघाला. डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. गोळ्या झाडणारे सापडले, सूत्रधार पुराव्याअभावी हाती लागला नाही. इथेही पिस्तूलवालाच आत गेला.

कायदा आहे, मग अडचण काय? अडचण आपल्या अचलपूरपासून घाट चढला की दिसते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात ७७ वर्षांच्या म्हातारीवर जादूटोण्याचा आळ घेतला. तिला बांधून मारलं, मिरच्यांची धुरी दिली, मूत्र पाजलं, धिंड काढली. बातमी जानेवारीत बाहेर आली. पुढच्याच महिन्यात त्याच तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याचं उघडकीला आलं. ही आहे खरी मालिका. हिचे भाग कोणी मोजत नाही, पोस्टर लागत नाहीत. आणि सिनेमाच्या अगदी उलट, इथे मंत्र येतो असं ज्याच्याबद्दल बोललं जातं तोच मार खातो. म्हातारी असेल, विधवा असेल, जमिनीचा तुकडा नावावर असेल, तर आळ घ्यायला सोपी.

शहरातले सुधारक अशी बातमी वाचून कोरकूंना मागास म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. बाळाचं पोट फुगलं, रात्र आहे, रस्ता नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर असेल याची खात्री नाही, तेव्हा आई भूमकाकडे जाते. तो निदान दारात असतो. मेळघाटातली बालकं कुपोषणाने मरतात हे सरकारला नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. तिथे भूमकाला शिव्या देऊन डॉक्टर नेमण्याची जबाबदारी झटकता येत नाही. घाटाखाली मात्र डॉक्टर आहेत, शाळा आहेत, हातात मोबाईल आहे. तरी आपल्या ऑटोला लिंबू-मिरची, पोराच्या पायात काळा दोरा, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातली माणसं अमावस्येला कुठल्याशा बाबाच्या दरबारात रांगेत! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा लग्नपत्रिकेवर छापायला घेतल्या नव्हत्या.

आणि हे सांगायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, आपल्या शेजारी. तिथल्या परिटाच्या घरात १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीने हातात खराटा घेऊन वऱ्हाडातल्या नवस-अंगाऱ्याची, बोकड कापण्याची भर कीर्तनात खिल्ली उडवली. लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढलं. लोक पोट धरून हसायचे, आणि हसताना बाबाबुवांचा धंदा बसायचा. बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबा गेले. विनोद आणि अंधश्रद्धा यांचं काय करायचं हे शिकायचं तर ते उदाहरण आहे. तिथे हसू येतं ते बाबाच्या अंगावर, बाबाच्या भरवशावर नाही.

म्हणून कोठारे यांना माझी सूचना आहे, रागाने नव्हे, प्रेक्षक म्हणून. तिसऱ्या भागात इन्स्पेक्टरने उपाय विचारायला बाबाच्या आश्रमात जाऊ नये, त्याला उचलायला जावं. २०१३ च्या कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. कोर्टात वकिलाने बाबाला म्हणावं, म्हण बरं मंत्र, या टेबलावरच्या पेनात घाल तुझा आत्मा. यात गंमत कमी आहे का? प्रभावळकरांचा आवाज आणि पाध्यांचा बाहुला तिथेही हवाच. बाहुला बोलतो तो मंत्राने नाही, पाठीमागे हात घालून बोलवणारा असतो म्हणून, हे पाध्ये यांच्याइतकं कोण जाणतं?

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. या कायद्यात पोलीस ठाण्यासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. अचलपूर, परतवाडा, चिखलदरा इथे तो अधिकारी कोण, त्याचं नाव फलकावर आहे का, आणि कायदा झाल्यापासून किती गुन्हे नोंदले, हे माहितीच्या अधिकारात विचारायचा अर्ज मी तयार केला आहे. सोबत सही करायला यावं. आणि विहारात पुढच्या रविवारी पोरांना 'झपाटलेला' दाखवायचा आहे. बाबा चमत्कार पडद्यावर आला की थांबवायचा, आणि पोरांनाच विचारायचं: याला आतापर्यंत पकडलं का नाही?