पन्नास रुपयांचा लळा

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, अकरा दिवसांतच तो बदलला, आणि घरोघरी दोन तट पडले. त्या गदारोळात मांजराचं नाव कुणी घेतलं नाही. त्याआधी फेब्रुवारीत मात्र मांजरांचीच बातमी होती. पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरी सापडल्या. शेजारी वासाने आणि ओरडण्याने हैराण झाले होते. महापालिकेने नोटीस काढली, वाहिन्यांनी दोन दिवस ‘मांजरवाली’ म्हणून मजा केली आणि विषय संपला.

माझ्या मते तो तिथे संपायला नको होता. कारण तीनशे मांजरं काही एका रात्रीत येत नाहीत. ती कुणीतरी सोडलेली असतात.

आपल्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीने सांगितलेलं अजून आपल्या मनात आहे. म्हणून मग पिल्लं पोत्यात घालायची आणि नदीपलीकडे नेऊन सोडायची. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही म्हणे! पाप नको आणि पिल्लंही नकोत. आता नदीऐवजी मासळीबाजार किंवा एखाद्या प्राणिप्रेमी बाईचं दार, एवढाच फरक. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली मांजराच्या खाण्याची दोन पाकिटंही येत नाहीत.

घरातून मांजर जाण्याचं आणखी एक ठरलेलं निमित्त म्हणजे सुनेचे दिवस. ‘पोटातल्या बाळाला अपाय होईल’ म्हणून पाच-सहा वर्षं पोरासारखं वाढवलेलं मांजर एका दुपारी गायब होतं, आणि त्या सुनेला रडायचीही चोरी. टोक्सोप्लाझ्मोसिस हा आजार खरा आहे, गरोदरपणात त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण तो मांजराला कुरवाळल्याने होत नाही. लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो, आणि ती विष्ठा बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मातीचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि त्याला घरातच ठेवलं, तर धोका फारच कमी उरतो. न धुतलेली भाजी आणि अर्धवट शिजलेलं मटण यांतूनही तो होतो, पण त्यासाठी कुणी स्वयंपाकघर नदीपलीकडे नेऊन टाकत नाही! नऊ महिने तो ट्रे नवऱ्याने साफ करायचा, इतकीच गोष्ट असते. पण तेवढंच जड जातं.

आमच्या ज्येष्ठ महिला मंडळात एक काकू आहेत. यजमान गेले, मुलगा परदेशी. पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेलं एक काळं-पांढरं पिल्लू त्यांनी घरात घेतलं. जन्मात मासळीला हात न लावलेल्या या बाई आता बुधवार-शुक्रवार नाकाला पदर लावून बाजारात उभ्या असतात. कोळीणही आता ‘आजी, मांदेली ठेवलीय तुमच्या बायसाठी’ म्हणून हाक मारते. ‘अगं, एकटीसाठी कुठे दोनदा कुकर लावू’ म्हणत संध्याकाळी दूध-पोहे खाऊन झोपणाऱ्या काकू हल्ली रात्री वरण-भात करतात, कारण मांजर ओट्यापाशी येऊन बसतं आणि त्यांना उठवतं. मांजर घराला धरून राहतं, माणसाला नाही, असं आपण म्हणतो. काकू दोन दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा ते बाहेरच्या दाराशी बसून होतं, शेजारणीने दिलेल्या दुधालाही तोंड लावेना. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि याच काकूंना सोसायटीने पत्र दिलं: मांजर बाहेर सोडा, नाहीतर दंड भरा. म्हणजे जो कायद्याने गुन्हा आहे तोच करा, असा ठराव! वास्तविक बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तशा सूचना काढल्या आहेत. कमिटीतल्या किती जणांनी त्या वाचल्यात?

पण शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. जिन्यात घाण झाली तर ती पुसायला प्राणिप्रेमी येत नाहीत, सफाईवाली बाई येते. माया करायची तर तिचा हिशेबही आपणच चुकवायचा. काकूंनी खिडक्यांना जाळी लावली, मांजरीला रेबीजची लस दिली आणि मुख्य म्हणजे तिची नसबंदी करून घेतली. मांजरी सहाव्या महिन्याच्या आतबाहेर गाभण राहते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदा. एका मांजरीच्या लळ्यापासून तीनशेपर्यंतचा रस्ता हा असा असतो. हडपसरच्या घराला तरी दुसरं काय झालं असेल?

मुंबई महापालिकेने २०१९ साली मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं. पुण्याने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी सुरू केली. नोंदणी कागदावरची, शस्त्रक्रिया खर्चाची. लहान शहरांत तर खासगी डॉक्टरशिवाय इलाजच नाही, आणि तो खर्च पेन्शनवर जगणाऱ्या बाईला झेपत नाही. आमच्या मंडळाने दोन घरांसाठी वर्गणी काढली, तिसऱ्या घरासाठी जमली नाही. त्या घरातली मांजर आता पोटुशी आहे. चार पिल्लं झाली तर दोन मी सांगून ठेवली आहेत. उरलेल्या दोघांसाठी कुणाचं घर मोकळं असेल तर जरूर कळवा. मात्र येताना नसबंदीचे पैसे बाजूला काढूनच या.