‘फॅमिली ओन्ली’ म्हणजे नेमकी कोणाची फॅमिली?

दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की मोशीच्या रस्त्यांवर गाद्या, कपाट, शेगडी आणि मुलाची सायकल लादलेले टेम्पो दिसू लागतात. शाळा सुरू व्हायच्या आत घर बदलायचे, हा त्यामागचा साधा हिशोब. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याकडून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आलेला तरुण पहिली काही वर्षे चार मित्रांत रूम करून काढतो. पुढे लग्न होते, मुले शाळेच्या वयाची होतात आणि त्याला ‘चांगल्या वस्तीत’ घर हवे असते. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. १९९७ मध्ये महापालिकेत आलेले मोशी हे गाव या वाढीतच टॉवरांचे उपनगर झाले.

मुलाबाळांसह राहायला चांगली वस्ती कशी निवडावी, याचे सल्ले भरपूर मिळतात. शाळा जवळ असावी, बाग असावी, गेटवर वॉचमन असावा, पाणी चोवीस तास असावे. हे सल्ले चुकीचे नाहीत. परंतु ते एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे निवड घर शोधणाऱ्याच्या हातात आहे. ज्याच्या खिशात डिपॉझिट आहे त्याला हवे ते घर मिळते, असे मानणाऱ्यांनी एकदा आमच्या समाजातील एखाद्या जोडप्याबरोबर मोशीत घर बघायला यावे.

आम्ही या भागात सामाजिक काम करतो. घराच्या शोधातला ठरलेला क्रम आम्हाला आता पाठ झाला आहे. फोनवर घर रिकामे असते. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, रविवारी या म्हणून सांगितले जाते. मग प्रश्न येतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” आडनावावरून उलगडा झाला नाही तर “गाव कोणतं?” तेवढ्यानेही भागले नाही तर “म्हणजे तुमच्यात देवाचं काय काय असतं?” आणि संध्याकाळी निरोप येतो की मालकाचा भाचा राहायला येणार आहे. या भाच्यांची एकदा जनगणना व्हायला हवी. घरे मात्र पुढचे दोन महिने रिकामीच दिसतात.

जाहिरातीत कोठेही जात लिहिलेली नसते. लिहिलेले असते ‘फॅमिली ओन्ली’, ‘डिसेंट फॅमिली’, ‘व्हेज प्रिफर्ड’. नवरा, बायको, दोन मुले आणि गावाकडून आलेली म्हातारी आई ही जर फॅमिली नसेल, तर फॅमिली म्हणजे काय? याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. जात विचारणे लाजिरवाणे झाले, म्हणून जातीने सभ्य शब्दांचे कपडे घातले.

शाकाहाराचे कारण तर मोशीत टिकतच नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य लोक मांसाहार करतात. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग पाहिली तर त्यात घरमालक आणि भाडेकरू दोघेही असतात. ज्याच्या स्वतःच्या घरात रविवारी मटण शिजते त्याला भाडेकरूच्या ताटाची अडचण का वाटावी? अडचण ताटाची असतीच तर आडनाव कशाला विचारले असते?

काही शिकलेले मित्र म्हणतात, हे अपवाद आहेत, शहरात जात कोण पाहतो? त्यांच्यासाठी दोन अभ्यासांचा उल्लेख केला पाहिजे. २०१२ मध्ये त्रिना विथायाथिल आणि गायत्री सिंग यांनी देशातील सात महानगरांच्या प्रभागनिहाय आकडेवारीवरून दाखवले, की शहरातील वस्त्या आर्थिक स्तरापेक्षा जातीवरून अधिक विभागलेल्या आहेत. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध केला. एकाच घरासाठी वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा करायची, अशी त्याची पद्धत होती. दलितांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना सरळ नकार मिळाला. अनेकांना घर मिळाले ते जादा भाड्याने किंवा जादा अटींनी. सवर्ण आडनावाला मात्र जवळजवळ सगळीकडे होकार होता.

आणि हे सगळे नवे आहे असेही नाही. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस, हाती संस्थानची नोकरी, आणि तरीही डोक्यावर छप्पर नाही. त्या घटनेला शंभराहून अधिक वर्षे झाली. पदवी आणि पगार आला की जात सुटते, हा समज बडोद्यातच खोटा ठरला होता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ती महाराष्ट्रीय आहे म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. अख्खा महाराष्ट्र पेटून उठला, आणि उठायलाच हवा होता. आम्हीही त्या महिलेच्या बाजूने बोललो. परंतु आमचा प्रश्न साधा आहे. ओळख पाहून जागा नाकारणे हा मुलुंडमध्ये अपमान असेल, तर मराठी मालक मराठी भाडेकरूला आडनावावरून परत पाठवतो तेव्हा तो ‘ज्याचा त्याचा खासगी प्रश्न’ कसा होतो?

“घर माझे आहे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन,” हा या सगळ्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. भाडे न देणारा, भांडकुदळ, घराची नासधूस करणारा भाडेकरू नाकारण्याचा हक्क मालकाला जरूर आहे. परंतु जन्मावरून नाकारण्याचा हक्क त्याला या देशाच्या कायद्याने दिलेला नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. याच कायद्याचे कलम १२ तर त्याहून महत्त्वाचे आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. आपल्यापैकी किती जणांना हे कलम माहीत आहे?

घर विकत घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आहे. त्याच्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येते. कायद्यात फटी आहेत, हेही मान्य केले पाहिजे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. संघटनस्वातंत्र्याच्या नावाखाली बंद दरवाजाला मान्यता मिळाली, असे आमचे मत आहे. पण ‘सर्वांसाठी’ म्हणून फ्लॅट विकलेल्या मोशीच्या सोसायट्यांना ती पळवाट उपलब्ध नाही.

आता आपल्या घराकडे वळू. नकार पचवल्यावर आपल्या माणसांपुढे सहसा दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे ओळख झाकायची. आडनाव बदलायचे, बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत न्यायचा, १४ एप्रिलला मुलांना “सोसायटीत बोलू नका” म्हणून बजावायचे. या आई-बापांना नावे ठेवणे सोपे आहे, आम्ही ठेवणार नाही. त्यांना मुलांसाठी छप्पर हवे असते. परंतु त्या मुलाला काय शिकवले जाते, याचा विचार व्हायला हवा. सहा वर्षांच्या मुलाला कळते की आपल्या घरात अशी एक गोष्ट आहे जी मित्रांना सांगायची नाही. लपवायची गोष्ट लाजेची असते, एवढे गणित त्या वयातही जमते. ही लाज घेऊन वाढणाऱ्या मुलाला टॉवरमधला जलतरण तलाव कितपत उपयोगी पडेल?

दुसरी वाट म्हणजे फक्त आपल्याच वस्तीत राहायचे. तेथे विहार आहे, जयंती आहे, अडीअडचणीला धावणारी माणसे आहेत. आडनाव सांगताना आवाज खाली जात नाही. या आधाराची किंमत ज्यांना कधी नकार मिळाला नाही त्यांना कळणार नाही. पण १९१६ च्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनीच जातीची व्याख्या बंदिस्त वर्ग अशी केली होती. बाहेरून लावलेली कडी आपण आतूनही लावून घेतली तर बंदिस्तपणा पक्का होतो. जून २०२० मध्ये याच शहरात, पिंपळे सौदागरला, प्रेमसंबंधाच्या कारणावरून एका २० वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. वेगळे राहून मुले सुरक्षित राहतात, हा भ्रम आहे. ती एकाच कॉलेजात, एकाच कंपनीत, एकाच बसमध्ये भेटणारच आहेत.

बाबासाहेबांचे स्वतःचे जगणे काय सांगते? ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, बॅरिस्टर झाले, तरी परळच्या बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. चाळीत असताना त्यांनी पुस्तके सोडली नाहीत आणि हिंदू कॉलनीत गेल्यावर समाज सोडला नाही. या दोन्ही ठिकाणी नावही झाकले नाही. आमच्या मते तिसरी वाट हीच आहे. मिश्र वस्तीत राहायचे, पण स्वतःच्या नावाने राहायचे, आणि समाजाशी दोर तोडायचा नाही.

या वाटेने जायचे तर मोशीत घर पाहताना काही गोष्टी तपासाव्या लागतील.

पहिली, भाडेकराराची नोंदणी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. याचा थेट संबंध मुलाच्या शाळेशी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, परंतु राहण्याचा पुरावा आणि शाळेपासूनचे अंतर पाहिले जाते. करार नोंदवायला तयार नसलेला मालक तुमच्या मुलाची एक जागा घालवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून खासगी शाळांना या जबाबदारीतून सवलत दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. मिळवलेला हक्क कागदाअभावी सोडू नका. जातीचा दाखला गावाकडच्या पुराव्यांवरच निघतो, तेव्हा ती कागदपत्रे टेम्पोतल्या सामानाबरोबर आणा.

दुसरी, शाळेचा रस्ता. मोशी पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे आणि चाकणची अवजड वाहने याच रस्त्याने धावतात. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर भाड्यात वाचलेले हजार रुपये रोज मुलाच्या जिवावर काढावे लागतात.

तिसरी, पाणी आणि हवा. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. टँकरचा खर्च कोण देतो, हे आधी विचारा. अख्ख्या शहराचा कचरा मोशीच्या डेपोत येतो, म्हणून घर दुपारी एकदा आणि रात्री एकदा पाहा. वास रात्री कळतो.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी कसोटी. संध्याकाळी पाच-सहा वाजता सोसायटीच्या खेळाच्या जागेत अर्धा तास उभे राहा. वॉचमनचा मुलगा, धुणेभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी तेथे खेळते का? की त्यांना पायरीवर बसवून ठेवतात? कामवाल्यांसाठी लिफ्ट वेगळी आहे का? जेथे गरिबाच्या मुलाला घसरगुंडीवर बसू देत नाहीत, तेथे आज तुमचे मूल चालले तरी उद्याची खात्री कोणी देऊ नये.

पाचवी, विहार आणि अभ्यासिका. मुलाला आठवड्यातून एकदा तरी नेता येईल इतक्या अंतरावर त्या असाव्यात. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. मोशीतल्या मुलाला तो इतिहास आपल्या शहराचा आहे, हे माहीत असले पाहिजे.

एवढे करून भागणार नाही. नकार मिळाला तर गप्प बसू नका. तारीख, वेळ आणि निरोप जपून ठेवा. त्याच घरासाठी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला फोन करायला सांगा. थोरातांच्या अभ्यासाची पद्धत हीच आहे आणि ती कोणालाही वापरता येते. अशा दहा नोंदी एकत्र झाल्या की तो एखाद्याचा गैरसमज राहत नाही, पुरावा होतो. सार्वजनिक घरांचाही आग्रह धरला पाहिजे. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. बोऱ्हाडेवाडीत महापालिकेने प्रधानमंत्री आवास योजनेतून १२८८ सदनिकांचा प्रकल्प उभारला. सोडतीत आडनावावरून कोणाला परत पाठवत नाहीत. म्हणून अशी घरे वाढवा ही मागणी जातिअंताचीच मागणी आहे.

शेवटी आपल्यातल्या घरमालकांना दोन शब्द. मोशी-चिखलीत आता आपल्या समाजाचेही फ्लॅट आहेत, काहींचे दोन आहेत. त्यातल्या कितीजणांच्या जाहिरातीत ‘फॅमिली ओन्ली’ लिहिलेले असते? मुस्लिम कुटुंब, पारधी कुटुंब, मुलाला घेऊन एकटी राहणारी बाई दारात आली, तर आपल्याकडूनही भाचाच राहायला येतो का? १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी निराशा बोलून दाखवली, तिचे उत्तर भाषणांत शोधू नका. तुमच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली कोणाच्या हातात जाते, त्यात ते आहे.

येत्या हंगामात मोशीतल्या प्रत्येक आंबेडकरी घरमालकाने आपल्या जाहिरातीत एकच ओळ जास्त लिहावी: ‘आडनाव विचारले जाणार नाही.’

जय भीम!