चिरुटाचे रसिक

सुशिक्षित वर्गांत अलीकडे एका नव्या रसिकतेचा उदय झाला आहे. हातानें वळलेला उंची हवाना चिरूट कसा कापावा, कसा पेटवावा, त्याचा धूर तोंडांत कसा घोळवावा आणि तो जळत जाईल तसतसे त्यांत कोणते स्वाद ओळखावे, याचें रीतसर शास्त्र तयार झालें असून त्याला ‘रसास्वाद’ हें नांव देण्यांत येतें. अमेरिकेंत १९९२ सालीं ‘सिगार अफिशिओनाडो’ नांवाचें नियतकालिक निघालें. तें परीक्षेच्या पेपराप्रमाणें चिरुटाला शंभरांपैकीं गुण देतें. लांकडाचा गंध, कोकोचा कडवटपणा, चामड्याचा वास, मिऱ्यांची झाक ही परिभाषा आतां आपल्याकडेही कानांवर येते. कोणीं काय ओढावें हा ज्याचा त्याचा प्रश्न असेल. परंतु ‘रसास्वाद’ हा शब्द आपला आहे, आणि त्याचा हा वापर निमूटपणें होऊं देण्यास आम्ही तयार नाहीं.

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें प्रथम मान्य करूं. चिरूट वळणें ही कला आहे. क्यूबाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतांत व्वेल्ता आबाहो नांवाचा तंबाखूचा प्रसिद्ध टापू आहे. वेष्टणाचें पान तलम व निर्दोष यावें म्हणून तेथें झाड पातळ कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात. पानें वाळवून त्यांच्या थप्प्या रचतात. थप्पीच्या पोटांत ऊब धरते, अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा ओसरतो. आंत भरावयाचीं पानें मुख्यतः तीन प्रकारचीं: झाडाच्या तळाचें ‘वोलादो’ चांगलें जळतें, मधलें ‘सेको’ सुगंध देतें, आणि शेंड्याकडचें ‘लिहेरो’ जोर आणतें, पण तें सावकाश जळत असल्यामुळें बरोबर मध्यभागीं ठेवावें लागतें. हीं पानें कारागीर मुठींत अशीं जमवितो कीं धुराला वाट राहावी. घट्ट झाला तर चिरूट ओढला जात नाहीं. सैल झाला तर भराभर जळून तापतो. मग बांधणीचें पान, आणि शेवटीं ‘चावेता’ नांवाच्या बिनमुठीच्या पात्यानें कापलेलें वेष्टण. हें सारें डोळ्यांच्या आणि बोटांच्या अंदाजानें. हें कौशल्य पाहून ज्याला आदर वाटणार नाहीं तो अरसिकच म्हटला पाहिजे.

परंतु ही कला वळणाराची आहे, ओढणाराची नव्हे. हातानें वळली एवढ्यानें वस्तु आस्वाद्य होत असेल, तर सोलापुरांत घरोघर बायका विड्या वळतात त्या काय यंत्रावर? त्या विडीला शंभरांपैकीं गुण देणारा रसिक अजून जन्मास यावयाचा आहे. मग हा आदर हाताला आहे कीं किमतीला?

याचें उत्तर स्वतः अट्टल धूम्रपानी असलेल्या मार्क ट्वेननें आपल्या तंबाखूवरील निबंधांत देऊन ठेविलें आहे. त्यानें एका जाणकार मित्राचे महागडे चिरूट उसने आणले, त्यांवरील लाल-सोनेरी पट्ट्या काढल्या आणि ते आपल्या हलक्या छापाच्या पेटींत ठेवून पाहुण्यांपुढें केले. मंडळींनीं कसेबसे चार झुरके घेतले व सबबी सांगून पळ काढिला. दुसऱ्या दिवशीं ते अमोल चिरूट अंगणाच्या वाटेवर फेकलेले सांपडले. एक मात्र ताटांत होता. तो ज्याचे चिरूट होते त्याच मित्राचा! गोष्टींत विनोदी लेखकाचा मीठमसाला असेल. तिचा रोख मात्र अचूक आहे. जिभेआधीं पट्टी चाखली जाते.

दुसरें समर्थन असें कीं, रसिक धूर छातींत ओढीत नाहीं. सबब अपाय नाहीं. हें शास्त्राला सोडून आहे. चिरुटाचा धूर पुष्कळसा अल्कधर्मी असतो. त्यामुळें त्यांतील निकोटिन तोंडाच्या अस्तरांतूनच रक्तांत शिरतें. एका मोठ्या चिरुटांत सिगारेटच्या पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ सालीं चिरुटावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. मुख, अन्ननलिका, स्वरयंत्र व फुप्फुस यांच्या कर्करोगांशीं त्याचा संबंध त्यांत दाखविला आहे. मनाचे कानेकोपरे धुंडाळणाऱ्या फ्रॉइडला १९२३ सालीं तोंडाचा कर्करोग जडला. पुढील सोळा वर्षांत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी चिरूट सुटला नाहीं.

आणि येथेंच शब्दाचा निकाल लागतो. रसास्वादांत भोक्त्याचें ‘मी’पण गळून पडतें, असें आपलें साहित्यशास्त्र सांगतें. नाटक संपलें म्हणून प्रेक्षकाचे हात थरथरत नाहींत. चार दिवस काव्य वाचलें नाहीं म्हणून कोणी घरच्यांवर खेंकसत नाहीं. जो आनंद नाकारण्याची मुभा उरत नाहीं त्याला तलफ म्हणतात. तलफेला चामड्याची व कोकोची विशेषणें चिकटविल्यानें तिचा रस होत नाहीं. तिला फक्त दिवाणखान्यांत बसावयास खुर्ची मिळते, आणि घरांतील तरुण मुलगा ती खुर्ची पाहात असतो.

रसिकच शोधावयाचे असतील तर ते त्याच कारखान्यांत सांपडतात. १८६५ सालीं हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यांत कामकऱ्यांनीं एक वाचक बसविला. हात पानें वळीत, कान वर्तमानपत्र आणि कादंबरी ऐकत. या वाचकांचें वेतन कामकरी स्वतःच्या मजुरींतून देत. पुढच्याच वर्षीं स्पॅनिश राजवटीनें या वाचनास बंदी केली. प्रथा तरीही पुन्हां उभी राहिली, फ्लॉरिडांतील टॅम्पापर्यंत पोंचली. तेथें १९३१ सालीं मालकांनीं वाचक काढून टाकिले. क्यूबांत मात्र ती टिकून राहिली. १९३५ सालीं निघालेल्या ‘माँटेक्रिस्टो’ चिरुटाचें नांव या कामकऱ्यांच्या आवडत्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलें, असें सांगतात. दिवाणखान्यांतला रसिक त्या पट्टीवरचें नांव वाचतो. कादंबरी ऐकली होती ती वळणारानें, पदरच्या पैशानें.